स्विंग मागे का पडतो: थरांवर थर चढवताना पुन्हा पुन्हा होणारा बारा मिलिसेकंदांचा घोळ

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते ताडून बघता येईल.

घरी एकट्यानं एखादं जुनं जॅझ स्टँडर्ड (सगळे वाजवतात असं प्रसिद्ध गाणं) नव्या थाटात रेकॉर्ड करायला घेतलंय. आधी ड्रम, बहुतेकदा सॉफ्टवेअरचेच. त्यावर बेस. बेसवर गिटारची साथ. मग मुख्य चाल, सोलो. वाजवताना सगळं झकास वाटतं, पाय आपोआप हलतो. चहा पिऊन परत ऐकायला बसावं तर गाणं जड झालेलं. बेसूर नाही, कॉर्ड चुकलेली नाही, नुसतं ओढत नेल्यासारखं. दोन-दोन ट्रॅक लावून ऐकले तर ठीक, सगळे एकदम लावले की चिखलातून चालल्यासारखं. पुन्हा वाजवावं, जरा पुढे रेटून, तर कुठे पुढे, कुठे मागे. तिसऱ्या रात्री वैतागून सगळ्या नोट्स ग्रिडवर (सॉफ्टवेअरनं आखलेल्या ठोक्यांच्या रेघांवर) नेऊन बसवाव्यात, आणि मग ते मोबाइलच्या रिंगटोनसारखं वाजावं.

माझ्याकडे हे चार वर्षांत चारदा झालं. दर वेळी मी ते 'कायमचं' दुरुस्त केलं. कारण चारही वेळा वेगळं निघालं. एकदा तर घोळ उलट्या दिशेनं झाला. पण शोधायची रीत एकच आहे, आणि ती पहिल्याच खेपेला हाती लागली म्हणून पुढची तीन दुखणी तासाभरात सापडली.

सामान सांगतो: कोथरूडच्या फ्लॅटमधली आतली खोली, एक गिटार, एक बेस गिटार, छोटा कीबोर्ड, दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज संगणकात नेणारा आणि बाहेर आणणारा डबा) आणि विंडोजचा लॅपटॉप. रेकॉर्डिंग रात्री साडेदहानंतर, वरच्या मजल्यावरची टीव्ही मालिका संपली की.

पहिलं निदान अर्थातच स्वतःवर. लहानपणी पाच वर्षं तबला शिकलोय, त्यामुळे 'लयीत ढिला आहेस' हे वाक्य कानात कायमचं बसलंय. महिनाभर मेट्रोनोमबरोबर रियाझ केला. फरक शून्य.

दुसरं निदान सांगायला लाज वाटते. मला वाटलं, आपल्याला 'ती' गोष्ट जमायला लागली. डेक्स्टर गॉर्डनचा टेनर सॅक्सोफोन ऐकला असेल तर तुम्हाला माहीत आहे, हा माणूस ठोक्याच्या मागे आरामात रेलून वाजवतो. एरॉल गार्नरच्या पियानोत डावा हात घड्याळासारखा चालतो आणि उजवा हात मागून निवांत येतो. माझी गिटारही मागून येत होती. तेव्हा मी दोन-तीन मित्रांना मोठ्या रुबाबात सांगितलंही, की आता माझं वाजवणं जरा 'लेड बॅक' होतंय. ते लेड बॅक नव्हतं. ते यूएसबी होतं.

मागे वाजवणं आणि मागे पडणं

हा फरक कळला नाही तर पुढचं सगळं नुसतं बटणं दाबणं होईल, म्हणून इथे जरा थांबतो.

स्विंगमध्ये एका ठोक्याचे दोन असमान भाग पडतात, पहिला लांब, दुसरा आखूड. शिकवताना 'तिश्र धरा आणि मधला ठोका गाळा' असं सांगतात. म्हणजे दोनास एक. मिनिटाला १४० ठोक्यांची लय असेल तर एक ठोका ४२९ मिलिसेकंदांचा. त्यात पहिली नोट २८६ आणि दुसरी १४३. प्रत्यक्षात कोणी असं काटेकोर वाजवत नाही. स्वीडनमधल्या फ्रिबर्ग आणि सुंडस्ट्रम यांनी २००२ साली ड्रमवादकांच्या राइड सिंबलची (ज्या मोठ्या झांजेवर स्विंगची लय चालते तिची) मोजमापं मांडली. संथ लयीत हे प्रमाण साडेतीनास एकपर्यंत जातं आणि द्रुत लयीत जवळजवळ बरोबरीला येतं. मध्यम लयीच्या वर मात्र आखूड नोट साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपासच राहते.

याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिच्यामुळे. सोलो वाजवणारा ठोक्यावरची नोट ड्रमपेक्षा उशिरा वाजवतो, पण ठोक्यांमधली आखूड नोट ड्रमच्या आखूड नोटेबरोबर बिनचूक टाकतो. गॉटिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हेच उलट बाजूनं तपासलं. त्यांनी संगणकावर नोट्स सरकवून वेगवेगळ्या आवृत्त्या केल्या आणि जॅझ वाजवणाऱ्यांना ऐकवल्या. ठोक्यावरच्या नोट्स किंचित मागे आणि मधल्या नोट्स वेळेवर, ही आवृत्ती त्यांना जास्त झुलणारी वाटली.

आता लेटन्सी, म्हणजे आवाज संगणकातून जा-ये करताना होणारा उशीर, काय करते बघा. ती सगळ्याच नोट्स सारख्या मागे ढकलते. ठोक्यावरचीही आणि मधलीही. म्हणजे ज्या एका जागी ड्रम आणि गिटार हातात हात घालून चालायला हवेत, तीच जागा निसटते. १०० मिलिसेकंदांच्या आखूड नोटेत ३० मिलिसेकंदांचा सरकाव म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. कानाला 'उशीर' ऐकू येत नाही, नुसतं जडपण जाणवतं. समेला सगळे आले, पण आधल्या मात्रेवर प्रत्येकजण वेगळ्या वाटेनं गेला, तसं काहीसं.

आता कोणी म्हणेल, मंचावर तीन मीटर लांबच्या ड्रमचा आवाज पोचायलाही नऊ मिलिसेकंद लागतात (आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर चालतो), तिथे कसं बिघडत नाही? बिघडत नाही, कारण तिथे सगळे एकाच वेळी एकमेकांना ऐकतात आणि सांभाळून घेतात. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचे तेव्हा वादक एका खोलीत एकत्र बसून वाजवायचे. कोणी मागे राहिलं तर बाकीच्यांना लगेच कळायचं. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये आधीचा थर गोठलेला असतो. तो तुमच्यासाठी थांबत नाही, आणि तुमची चूक पुढच्या थराला वारशानं मिळते.

बारा, चोवीस, छत्तीस

वारशाची ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. प्रत्येक थर ड्रमपासून बारा मिलिसेकंदच मागे असता तर एवढं वाटोळं झालं नसतं. पण मी गिटारची साथ वाजवताना ड्रमचा आवाज कमी करून बेस मोठा ठेवायचो, कारण चालत्या बेसवर साथ छान बसते. म्हणजे बेस ड्रमच्या मागे बारा. गिटार बेसच्या मागे बारा, म्हणून ड्रमच्या मागे चोवीस. मुख्य चाल गिटारला धरून वाजवली, ती छत्तीस. शेजारशेजारचे दोन ट्रॅक ऐकले तर फरक कळत नाही, आणि सगळे एकत्र लावले की चिखल होतो, त्याचं कारण हे.

ही अडचण काही संगणकानं आणलेली नाही. सिडनी बेशेनं १९४१ मध्ये एकट्यानं सहा वाद्यं एकावर एक रेकॉर्ड केली होती. लेस पॉल यांनी १९४८ मध्ये 'लव्हर' हे स्टँडर्ड गिटारच्या आठ थरांत रेकॉर्ड केलं, तेही हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर. घरी बसून जुन्या स्टँडर्डचा नवा अवतार करणाऱ्या आपल्या जमातीचे ते आद्य पुरुषच. तबकडीवर निदान उशीर नव्हता. टेपवर मात्र वाजवणारं हेड (टेपला टेकून आवाज वाचणारा भाग) रेकॉर्ड करणाऱ्या हेडच्या पुढे असायचं. टेप सेकंदाला १५ इंच चालत असेल आणि दोन हेडमध्ये दीड इंचाचं अंतर धरलं, तर जुना थर ऐकून वाजवलेला नवा थर १०० मिलिसेकंद मागे पडणार. अँपेक्स कंपनीच्या रॉस स्नायडर यांनी यावर तोड काढली. जुना थर वाजवायलाही रेकॉर्डिंगचंच हेड वापरायचं. सेल-सिंक म्हणतात तिला. ती तोड असलेलं आठ ट्रॅकचं यंत्र १९५७ मध्ये लेस पॉल यांच्याच घरी पोचलं. आपल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं लेटन्सी कॉम्पेन्सेशन (उशीर वजा करायची सोय) हे तेच काम करतं, फक्त आकडेमोडीनं. आणि आकडा चुकला की काम चुकतं.

लूपबॅक: एक वायर आणि पाच मिनिटं

बाकी काही करू नका, आधी हे करा.

इंटरफेसच्या आउटपुट एकमधून वायर काढून त्याच इंटरफेसच्या इनपुट एकमध्ये घाला. साधी गिटारची वायर चालते. इनपुट लाइन लेव्हलवर ठेवा. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता वाद्य थेट हेडफोनमध्ये ऐकवायची सोय) बंद, आणि ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड करणार त्याचं मॉनिटरिंगही बंद. हे विसरलात तर आवाज गोल गोल फिरून कानठळ्या बसतील, म्हणून हेडफोन काढून बाजूला ठेवा. मी विसरलो होतो.

एका ट्रॅकवर टोकदार आवाज घ्या, ड्रमस्टिक किंवा टाळीची ऑडिओ फाइल, अगदी ग्रिडच्या रेघेवर. दुसऱ्या ट्रॅकवर ती वायरमधून परत आलेली रेकॉर्ड करा. मग दोन्ही ट्रॅक इतके मोठे करून बघा की एकेक सॅम्पल, म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप, दिसेल. दोन्ही टोकं एका रेषेत असतील, चार-पाच सॅम्पलांचा फरक असेल, तर तुमचं यंत्र निर्दोष आहे. नसतील तर तो फरक सॅम्पलमध्ये मोजा आणि कागदावर लिहा.

माझा आला ५३० सॅम्पल. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशोबानं, हे १२ मिलिसेकंद.

हे बारा आले कुठून? बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा साठा, ५१२ सॅम्पलचा असेल तर आवाज बाहेर जाताना ११.६ मिलिसेकंद आणि आत येताना तेवढेच लागतात. ते ड्रायव्हर (इंटरफेस आणि संगणक यांना जोडणारा प्रोग्रॅम) सॉफ्टवेअरला प्रामाणिकपणे सांगतो, आणि सॉफ्टवेअर रेकॉर्ड झालेला तुकडा तेवढा पुढे, म्हणजे आधीच्या वेळेला, ओढून बसवतं. पण त्याशिवाय डिजिटलचं अॅनलॉग आणि अॅनलॉगचं डिजिटल करायला लागणारा वेळ असतो, यूएसबीवर तुटू नये म्हणून राखून ठेवलेला जादाचा साठा असतो. काही ड्रायव्हर हा वेळ हिशोबात धरतात, काही धरत नाहीत. माझा धरत नव्हता.

दुरुस्ती सोपी. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओ-रेकॉर्डिंगच्या पानावर ड्रायव्हरनं सांगितलेली लेटन्सी वापरायची खूण असते आणि तिथेच आपल्या हातानं आकडा भरायची सोय असते. एबलटन लाइव्हमध्ये तिला ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशन म्हणतात, लॉजिकमध्ये रेकॉर्डिंग डिले. आकडा अधिक भरायचा की उणे, यावर डोकं चालवू नका. एक भरा आणि पुन्हा लूपबॅक करा. चिन्ह चुकलं असेल तर फरक दुप्पट झालेला दिसेल. दिसला, की उलटं चिन्ह भरा.

मग बफर १२८ वर आणून पुन्हा मोजा, २५६ वर मोजा. माझ्याकडे तिन्ही वेळा उरलेला फरक ५३० च्या आसपासच राहिला, म्हणून एकच आकडा पुरला. तुमच्याकडे तो बफरबरोबर बदलत असेल तर एकच बफर ठरवा आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

त्या रात्री मी तोच बेस आणि तीच साथ पुन्हा वाजवली. माझा हात होता तसाच होता. गाणं मात्र उठून चालायला लागलं.

मग हे परत का होतं?

दुसऱ्या खेपेला दुखणं उलटं होतं. सगळं पुढे पळत होतं, ताणलेलं, घाईघाईत वाजवल्यासारखं. लूपबॅक केलं तर रेकॉर्ड झालेली टाळी मूळ टाळीच्या बारा मिलिसेकंद आधीच! बाहेर पडायच्या आधी आत आली. असं होणं शक्य नाही, म्हणजे हिशोबात कुठेतरी जास्तीचं वजा होत होतं. दोन दिवसांपूर्वी मी इंटरफेसचा नवा ड्रायव्हर टाकला होता. बनवणाऱ्यांनी त्यात लेटन्सी बरोबर कळवायला सुरुवात केली होती. त्यांनी त्यांची चूक सुधारली, आणि माझी दुरुस्ती हीच चूक ठरली. आकडा शून्य केला, प्रश्न मिटला.

तेव्हा लक्षात आलं की हातानं भरलेला आकडा हा औषधाचा डोस आहे. त्याच ड्रायव्हरला, त्याच सॅम्पल रेटला, त्याच इंटरफेसला लागू. आकडा सॅम्पलमध्ये भरला असेल तर ४४.१ वरून ४८ किलोहर्ट्झवर गेल्यावर त्याचे मिलिसेकंदही बदलतात. आता मी नवं गाणं सुरू करताना पहिल्यांदा लूपबॅक करतो. गायक बसल्यावर आधी तानपुरा जुळवतो, तसं. दर वेळी जुळवतो, 'काल तर जुळवला होता' असं म्हणत नाही.

तिसरं दुखणं मडगावहून आलं.

तिथे माझा एक मित्र टेनर सॅक्सोफोन वाजवतो. मी इकडून ड्रम, बेस, गिटार पाठवतो, तो त्यावर वाजवून फाइल पाठवतो. एकदा त्याची फाइल लावली तर सगळं खालच्या पट्टीत. टेनर हे बी फ्लॅटचं वाद्य. त्याच्यासाठी पट्टी बदलून लिहावं लागतं, नाहीतर लिहिलेल्यापेक्षा पूर्ण स्वर आणि वर एक सप्तक खाली वाजतं. मी त्याला फोनवर ऐकवलं, 'अरे बाबा, तू माझ्यासाठीचा कागद वाचलास.' तो चिडला. आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. नीट ऐकलं तर सूर पूर्ण स्वरानं उतरलेला नव्हता, दीड सेमीटोनला थोडा कमी होता. शिवाय पाच मिनिटांचा तुकडा २६ सेकंद लांबला होता. त्यानं ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं होतं, माझा प्रोजेक्ट ४४.१ चा, आणि फाइल आपोआप बदलून घेण्याची सोय मी कधीतरी बंद करून ठेवली होती. बहुतेक सॉफ्टवेअर हे काम न सांगता करतं, म्हणून कोणी लक्ष देत नाही. सूर आणि लय दोन्ही एकदम उतरले असतील तर आधी सॅम्पल रेट बघा. मित्राशी भांडण नंतर.

पण खरी मेख पुढे होती. ते सुधारल्यावरही त्याचा सॅक्सोफोन पहिल्या कोरसमध्ये (गाण्याच्या पहिल्या पूर्ण आवर्तनात) चपखल आणि शेवटच्या कोरसमध्ये मागे. मित्र दमला असेल म्हणावं, तर तो दमणाऱ्यातला नाही. झालं असं की तो माझा मिक्स फोनवर ऐकत होता आणि वाजवत होता हातात मावणाऱ्या वेगळ्या रेकॉर्डरवर. दोन यंत्रं, दोन घड्याळं. प्रत्येकाचं घड्याळ चालवणारा क्रिस्टल किंचित वेगळा चालतो. दहा लाखांत पन्नासाचा फरक असला तरी पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद जमा होतात.

म्हणून ही कसोटी लक्षात ठेवा. फरक गाण्याच्या सुरुवातीला मोजा आणि शेवटीही मोजा. दोन्हीकडे सारखा असेल तर तो लेटन्सीचा ठरलेला सरकाव आहे, ट्रॅक सरकवा आणि मोकळे व्हा. वाढत गेला असेल तर तो घड्याळांचा फरक आहे आणि कितीही सरकवलात तरी एका टोकाला चुकणारच. आता मी पाठवतो त्या मिक्समध्ये सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी असते. तो फोनचा स्पीकर रेकॉर्डरजवळ धरून तेवढ्या दोन टाळ्या रेकॉर्डरवर घेतो, मधला वेळ हेडफोनवर. आल्यावर मी दोन टाळ्यांमधलं अंतर माझ्या अंतराशी जुळेल एवढीच त्याची फाइल ताणतो. इतक्या बारीक ताणण्यानं सुराला काही होत नाही. त्यानं संगणकाच्या इंटरफेसमध्येच ऐकून तिथेच रेकॉर्ड केलं असतं तर याची गरजच पडली नसती, पण त्याचा तो रेकॉर्डर त्याला प्रिय आहे.

लूपबॅक बरोबर, तरी वाजवणं चुकतंय

चौथी खेप सर्वांत फसवी होती, कारण लूपबॅक शून्य दाखवत होतं.

इथे ट्रॅक चुकीच्या जागी बसत नव्हता. मीच चुकीचं वाजवत होतो, कारण मला माझीच गिटार उशिरा ऐकू येत होती. आदल्या गाण्याचा मिक्स करताना मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवर) लिनियर फेज इक्वलायझर आणि पुढचं बघून काम करणारा लिमिटर, असे आवाज घडवणारे प्लगइन टाकले होते. तोच प्रोजेक्ट साचा म्हणून उघडला आणि नवीन गाणं सुरू केलं. असले प्लगइन काम करायला वेळ घेतात. माझा तो इक्वलायझर एकटाच ४०९६ सॅम्पल म्हणजे ९३ मिलिसेकंद खात होता. सॉफ्टवेअर बाकीच्या ट्रॅकचा मेळ घालून घेतं, पण तुम्ही या क्षणी छेडलेली तार तुमच्या कानात ९३ मिलिसेकंदांनीच येणार. मग हात नकळत पुढे पळतो, मेंदू त्याला मागे खेचतो, आणि वाजवणं गाळात जातं. यात ठरलेला सरकाव नसतो, म्हणून नंतर सरकवून सुधारताही येत नाही. पुन्हा वाजवावंच लागतं.

उपाय: रेकॉर्ड करताना मास्टर मोकळा ठेवा. आणि जमेल तिथे सॉफ्टवेअरमधून स्वतःला ऐकूच नका, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा. रॉक वाजवणाऱ्याची इथे पंचाईत होते, कारण अॅम्पच्या प्लगइनशिवाय त्याचा आवाज त्याचा वाटत नाही. जॅझ गिटारचा आवाज मुळातच स्वच्छ, गोल. कोरडी ऐकली तरी फार बिघडत नाही. टोनचं बटण थोडं खाली घेतलं की झालं.

कीबोर्डचं तसं नाही. पियानोचा आवाज संगणकातच तयार होतो, त्यामुळे डायरेक्ट ऐकायला काही नसतंच. तिथे बफर लहान करणं हाच मार्ग, ६४ किंवा १२८. बफर लहान केला की लॅपटॉप कडकड करतो, मे महिन्यात तर फारच. वाय-फाय बंद, बॅटरी वाचवायचा मोड बंद, चार्जर लावलेला, आणि ड्रमचे ट्रॅक ऑडिओत बदलून घेतलेले, एवढ्यावर माझं भागतं. आणखी एक. लूपबॅकचा आकडा ऑडिओच्या ट्रॅकचा असतो, मिडीच्या ट्रॅकलाही (ज्यात आवाज नसतो, फक्त कोणती नोट कधी दाबली ते असतं) तो तसाच लागतो असं धरून चालू नका.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल एकच वाक्य: ऐकायला वापरा, वाजवताना नको. त्यात शे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो, आणि तो ड्रायव्हर तुम्हाला सांगेलच असं नाही.

जुनी गाणी वाचवायची असतील तर

पहिल्या खेपेच्या घोळातली सात गाणी माझ्याकडे पडून होती. ती पुन्हा वाजवायची गरज नसते, कारण सरकाव ठरलेला असतो. फक्त कोणता थर कशाला धरून वाजवला होता ते आठवावं लागतं. ड्रमला हात लावायचा नाही. बेस बारा मिलिसेकंद पुढे ओढायचा. बेसला धरून वाजवलेली गिटार चोवीस. गिटारला धरून वाजवलेली चाल छत्तीस. क्वांटाइझ, म्हणजे नोट्स ग्रिडवर बसवणं, अजिबात करायचं नाही. ठोक्यावरच्या ज्या नोट्स तुम्ही मुद्दाम मागे टाकल्यात त्याच ते पुसून टाकतं.

आठवत नसेल तर ठोक्यावरच्या नोट्स बघून ठरवू नका. त्या मागे असतातच, असाव्यातही. ठोक्यांमधल्या आखूड नोट्स बघा. राइड सिंबलच्या आखूड ठोक्याशेजारी गिटारची आखूड नोट ठेवा, आठ-दहा ठिकाणी मोजा, आणि सगळीकडे सारखाच फरक येत असेल तर तेवढा सरकवा. ठिकठिकाणी वेगळा येत असेल तर तो यंत्राचा दोष नाही.

सातपैकी सहा गाणी अशी सुधारली. सातवं संथ, मिनिटाला ६६ ठोक्यांचं. ते पूर्वी बरं वाटायचं, आणि सगळं जागच्या जागी आणल्यावर बिघडलं. मोजलं तर माझी गिटार ड्रमच्या आधी येत होती, कुठे दहा, कुठे पंचवीस मिलिसेकंद. संथ लयीत मी घाई करतो, आणि इतके दिवस लेटन्सीनं ती झाकून ठेवली होती. सध्या मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवून तेच गाणं रोज वीस मिनिटं वाजवतोय.